सहा रुसलेले संगणक

आज एका कोड्याने सुरुवात करू.

एका कार्यालयात वीस संगणक आहेत. सगळे एकाच बनावटीचे, एकाच वेळी विकत घेतलेले आणि एकाच जाळ्याला, म्हणजे नेटवर्कला, जोडलेले. एके सकाळी सगळ्यांना एकच हुकूम दिला जातो : नवे अपडेट घ्या. चौदा संगणक मुकाट्याने हुकूम पाळतात. उरलेले सहा बराच वेळ घरघरतात, पडद्यावर एक लांबलचक आकडा दाखवतात आणि होते तेथेच थांबतात. असे का व्हावे?

हे कोडे मी रचलेले नाही. २०२५ च्या जून महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात ते खरोखरच पडले. प्रवेशाचे दिवस होते. खिडकीपुढे मुलांची रांग होती. अपडेट घेतल्याशिवाय कोणत्याही संगणकावरून बाहेरच्या संकेतस्थळाचे काम करायचे नाही, असा कार्यालयाचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. त्यामुळे सहा टेबले रिकामी, आणि अर्ज भरण्याची शेवटची तारीख जवळ आलेली!

सहापैकी पाच संगणक मागच्या खोलीतले होते. मेच्या सुट्टीत त्याच खोलीत नवी केबल टाकली होती. काम करणारा तरुण गावातलाच, नुकताच स्वतःचा धंदा सुरू केलेला. मग काय, निकाल लागल्यातच जमा होता. केबल खराब! त्याचे बिल अडवून ठेवले गेले. दुसरा एक सल्ला असा आला, की सहाही संगणक सरळ ‘फॉरमॅट मारा’. म्हणजे डिस्क पुसून कोरी करा आणि सगळे नव्याने भरा.

मी शिकवतो पदार्थविज्ञान. संगणक दुरुस्ती हा काही माझा विषय नव्हे. पण अधीक्षक मॅडम म्हणाल्या, “सर, तुम्ही एकदा बघता का?” आणि मी प्रयोगवही घेऊन गेलो. स्क्रू-ड्रायव्हर न नेता वही का नेली, ते पुढे कळेलच.

अपडेट म्हणजे नेमके काय?

संगणक ज्या आज्ञांच्या जोरावर चालतो त्या माणसांनीच लिहिलेल्या असतात. लाखो ओळींच्या लिखाणात चुका राहतातच. त्या सापडल्या की बनवणारी कंपनी दुरुस्तीपत्रक काढते. आपल्या पाठ्यपुस्तकाला शुद्धिपत्रक जोडतात ना, तसेच. यालाच अपडेट म्हणतात.

ते घेण्याच्या क्रियेत पाच पायऱ्या असतात. पहिली, संगणक कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो आणि आपण खऱ्याच सर्व्हरशी बोलत आहोत याची खात्री करून घेतो. दुसरी, अपडेटच्या फाइली उतरवून घेतो. तिसरी, त्या वाटेत बिघडल्या किंवा बदलल्या नाहीत ना, हे तपासतो. यासाठी फाइलवर एक गणिती प्रक्रिया करून तिचा ‘ठसा’ काढतात. फाइलमधले एक अक्षर जरी बदलले तरी हा ठसा पार बदलून जातो. चौथी पायरी म्हणजे जुन्या फाइलींच्या जागी नव्या बसवणे, आणि पाचवी म्हणजे संगणक बंद करून पुन्हा चालू करणे.

साखळीचा एक दुवा तुटला की साखळी तुटते. म्हणून ‘अपडेट होत नाही’ हे वाक्य ‘ताप आला आहे’ या वाक्यासारखे आहे. ते लक्षण आहे, रोग नव्हे. पाचांपैकी कोणती पायरी चुकली, हे शोधल्याखेरीज औषध देण्यात अर्थ नाही.

आता ‘फॉरमॅट मारा’ या सल्ल्यातला धोका पाहा. डिस्क पुसली तर मुलांच्या गुणांच्या याद्या जातील, हा झाला एक तोटा. दुसरा तोटा लवकर लक्षात येत नाही. बिघाडाचा पुरावाही पुसला जाईल आणि मूळ कारण बाहेर असेल तर आठ दिवसांनी तोच बिघाड पुन्हा उभा राहील.

अदलाबदलीचा प्रयोग

प्रयोगशाळेत तुमच्या मंडलातून वीज वाहत नसेल तर तुम्ही काय करता? अमीटर बिघडला आहे अशी शंका आली, तर शेजारच्या टेबलावरचा चालू अमीटर आणून लावता. मात्र एका वेळी एकच वस्तू बदलता. अमीटर, सेल आणि तारा एकदम बदलल्या आणि वीज वाहू लागली, तर दोष कोठे होता ते कधीच कळणार नाही.

आम्ही हेच केले. प्रथम वहीत वीस ओळींची यादी केली : संगणकाचा क्रमांक, खोली, अपडेट झाले की नाही, पडद्यावरचा आकडा. पुढच्या खोलीत पंधरा संगणक. त्यांतला एकच अडलेला. मागच्या खोलीत पाच, पाचही अडलेले. केबलवर संशय येणे स्वाभाविक होते. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

मग मागच्या खोलीतला एक अडलेला संगणक उचलून पुढच्या खोलीत आणला आणि तेथल्या चालू केबलला जोडला. अपडेट झाले नाही. पुढच्या खोलीतला एक धडधाकट संगणक मागच्या खोलीत नेऊन नव्या केबलला जोडला आणि त्याला अपडेट तपासायला सांगितले. त्याने सर्व्हरशी विनातक्रार संपर्क साधला, एक लहानशी फाइल उतरवलीसुद्धा!

याचा अर्थ काय? दोष खोलीबरोबर राहिला नाही, तो यंत्राबरोबर चालत आला. दहा मिनिटांत केबल निर्दोष सुटली. जाळे, केबल, भिंतीतले जोड हे सगळे यादीतून खोडले आणि शोधाचे क्षेत्र एकदम अर्ध्यावर आले. उरला तो संगणकाच्या पेटीच्या आतला भाग.

आकडा बोलू लागतो

पडद्यावर येणाऱ्या त्या लांब आकड्याकडे आपण सहसा पाहत नाही. ‘एरर आली’ एवढेच म्हणतो. पण तो आकडा म्हणजे संगणकाने आपल्या भाषेत सांगितलेली तक्रार असते.

मागच्या खोलीतल्या पाचही संगणकांवर एकच आकडा होता : ८००७२एफ८एफ. पुढच्या खोलीतल्या एकावर मात्र वेगळा : ८००७००७०. म्हणजे लक्षण एकच, पण रोग दोन! सहाही जणांना एकच औषध दिले असते तर निदान एक तरी रोगी बरा झाला नसता.

आकड्यात एफ हे अक्षर कसे, असे तुम्ही विचाराल. ही षोडशमान पद्धत आहे. आपण दहाचे गट करतो, येथे सोळाचे करतात. ९ नंतरच्या अंकांसाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे वापरतात. ए म्हणजे १० आणि एफ म्हणजे १५. सुरुवातीचे ८००७ हे ‘चूक विंडोजच्या नेहमीच्या यादीतली आहे’ एवढेच सांगतात. शेवटचे चार अंक महत्त्वाचे.

दुसरा आकडा सोपा आहे, तो आधी सोडवू. शेवटी ००७० आहे. म्हणजे ७ × १६ + ० = ११२. विंडोजच्या यादीत ११२ क्रमांकाची तक्रार आहे : डिस्कवर पुरेशी जागा नाही. पाहिले तर खरेच, त्या संगणकावर गेल्या कित्येक वर्षांचे स्कॅन केलेले दाखले साठले होते. ते दुसऱ्या डिस्कवर हलवले, जागा मोकळी झाली आणि अपडेट झाले. एक सुटला!

आता पहिला आकडा. २एफ८एफ म्हणजे २ × ४०९६ + १५ × २५६ + ८ × १६ + १५ = १२१७५. ही तक्रार अशी, की समोरच्या सर्व्हरने दाखवलेले प्रमाणपत्र मला मान्य नाही. म्हणजे साखळी पहिल्याच पायरीवर तुटत होती. पण तेच प्रमाणपत्र चौदा संगणकांना मान्य आणि पाचांनाच अमान्य, हे कसे?

कंडक्टरचे कॅलेंडर

एस.टी.चा विद्यार्थी पास तुमच्यापैकी अनेकांकडे असेल. त्यावर दोन तारखा असतात : केव्हापासून आणि केव्हापर्यंत. समजा, कंडक्टरच्या हातातले कॅलेंडर आठ वर्षे जुने आहे आणि तो त्यालाच आजची तारीख समजतो. तुम्ही अगदी खरा, कालच काढलेला पास दाखवलात तरी तो म्हणेल, “हा पास अजून सुरूच झाला नाही. खाली उतरा!” पास खरा, कंडक्टर प्रामाणिक, चुकले ते कॅलेंडर.

सर्व्हरचे प्रमाणपत्र असेच असते. त्यावरही आरंभाची आणि अंताची तारीख असते आणि संगणक ती स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो.

मी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पाहिले. तारीख होती १ जानेवारी २०१७! सकाळपासून ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण वेळ पाहायला भिंतीवर घड्याळ आणि खिशात मोबाइल असताना त्या कोपऱ्याकडे बघतो कोण?

मी तेथे बसणाऱ्या लिपिकांना विचारले, “संगणक चालू करताना काही वेगळे दिसते का?”

“तसं काही नाही, सर,” ते म्हणाले. “काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येतात, त्या रोजच्याच. एफ-१ दाबलं की पुढे जातो.”

“हे केव्हापासून?”

“दोन संगणकांचं दिवाळीपासून चाललंय. सुट्टीनंतर सगळेच तसं करतात.”

त्या दोन ओळी सांगत होत्या, की घड्याळाची तारीख व वेळ लावलेली नाही. दिवाळीपासून! आणि केबल टाकली मे महिन्यात. केबलवाल्या मुलाच्या बाजूने हा दुसरा पुरावा.

तीन व्होल्टचा पहारेकरी

पाचही संगणकांची तारीख आम्ही हाताने दुरुस्त केली. तासाभरात अपडेट सुरू झाले आणि दुपारपर्यंत सहाही टेबलांवर काम चालू झाले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण प्रश्न सुटला होता का? नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही संगणक पुन्हा १ जानेवारी २०१७ वर जाऊन बसले होते!

संगणक बंद असतानाही त्यातले घड्याळ चालू राहावे म्हणून आत रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. यातला २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. हा लिथियमचा सेल ३ व्होल्ट दाब देतो. त्याच्या जोरावर क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याला २ ने १५ वेळा भागून पाहा, बरोबर १ उरतो. म्हणजे सेकंदाला एक ठोका!

मी प्रयोगशाळेतून मल्टिमीटर आणला. नव्या सेलाचा दाब ३ व्होल्टहून किंचित अधिक भरला. जुन्या पाचांपैकी एकाचाही अडीच व्होल्टपर्यंत पोहोचला नाही. पहारेकरी झोपले होते, आणि घड्याळ बंद पडले की संगणक कारखान्यात ठरवून दिलेल्या तारखेपासून पुन्हा मोजायला लागत होता.

पण मागच्याच खोलीतले पाच का? यंत्रे तर सगळी २०१८ साली एकदमच आली होती. याचे उत्तर आमच्या शिपाईमामांनी दिले. पुढच्या खोलीत कॅमेऱ्यांचे यंत्र असल्यामुळे तेथली वीज कधीच बंद करत नाहीत. मागच्या खोलीचा मेन स्विच मात्र ते रोज संध्याकाळी नियमाने बंद करतात, सुट्टीत तर महिनाभर. भिंतीतली वीज चालू असेल तोवर घड्याळ तिच्यावरच चालते. ती गेली की सारा भार सेलावर येतो.

हिशेब करून पाहू. या सेलात साधारण २२० मिलिअँपिअर-तास एवढा विद्युत्‌भार साठवलेला असतो. घड्याळाला सुमारे ५ मायक्रोअँपिअर प्रवाह लागतो असे धरू. मग सेल ४४,००० तास पुरेल. रोज १६ तास तो कामावर असेल तर २,७५० दिवस, म्हणजे साडेसात वर्षे. सुट्टीतले चोवीस तासांचे दिवस मिळवले तर मुदत आणखी थोडी कमी. २०१८ ते २०२५! गणित जुळले.

येथे एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, “पण संगणक इंटरनेटवरून आपली वेळ जुळवून घेतो ना?” घेतो. मात्र विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत फरक फार मोठा, म्हणजे १५ तासांहून अधिक असेल, तर ती सेवा घड्याळ आपण होऊन बदलत नाही. काही मिनिटांची चूक सुधारायची. पण कोणी ‘आठ वर्षे पुढे जा’ म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा हा सावधपणा आहे. आमच्याकडे तो आडवा आला.

पाच नवे सेल बसवले. त्यांची किंमत केबलच्या बिलाच्या मानाने नगण्य होती. आणि ते बिल त्याच दिवशी चुकते झाले.

उशीर आणि घाई

कोणी म्हणेल, चार-सहा महिने अपडेट घेतले नाही तर बिघडले कोठे? जगात काय घडले ते पाहा. विंडोजमधल्या एका मोठ्या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. १२ मे रोजी, म्हणजे ५९ दिवसांनी, ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक कार्यक्रम त्याच भोकातून शिरला आणि जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला. फाइली कुलूपबंद करून तो खंडणी मागत असे. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालय-संस्थांपैकी सुमारे एक तृतीयांश संस्थांचे काम विस्कळीत झाले. रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. औषध दोन महिने आधी तयार होते, ते अनेकांनी घेतले नव्हते.

मग आले अपडेट की सगळ्यांनी एकदम घ्यावे का? याची दुसरी बाजू १९ जुलै २०२४ ला दिसली. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा संगणकांचे रक्षण करणारा कार्यक्रम असंख्य कार्यालयांत होता. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीने एक लहानशी फाइल सर्वत्र पाठवली. त्या फाइलमधला नियम एकविसावी नोंद तपासायला सांगत होता, आणि कार्यक्रमाकडे नोंदी येत होत्या वीसच. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्यामुळे ही तफावत लपून राहिली होती. आता मात्र कार्यक्रम नसलेल्या जागी वाचायला गेला आणि संगणक निळा पडदा दाखवून कोसळले. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण तोवर सुमारे ८५ लाख संगणकांना फटका बसला होता. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

इलाज तसा सोपा होता : संगणक सुरक्षित अवस्थेत चालू करायचा, ती एक फाइल पुसायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. मग वेळ का लागला? कारण जो संगणक पूर्ण चालूच होत नाही त्याच्यापर्यंत जाळ्यातून पोहोचता येत नाही. प्रत्येकापाशी माणसाला चालत जावे लागले. कित्येक डिस्कांना सुरक्षेसाठी कुलूप होते आणि ते उघडायला ४८ अंकी किल्ली टंकावी लागत होती. बिघाड जाळ्यातून क्षणात पसरला. दुरुस्ती पायी चालत आली.

या दोन घटनांतून आम्ही आमच्या कार्यालयापुरता एक नियम केला. अपडेट आले की पहिल्या दिवशी फक्त एका संगणकावर घ्यायचे. तो नीट चालला तर दुसऱ्या दिवशी चारांवर, मग उरलेल्यांवर. आणि आठवडा संपण्याच्या आत सगळ्यांवर. घेण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळी ठेवायची.

तुम्ही करून पाहा

तुमच्या शाळेच्या संगणक कक्षासाठी शिक्षकांच्या परवानगीने एक वही घाला. प्रत्येक संगणकाला एक पान द्या. त्यावर तारीख, पडद्यावरचा आकडा जसाच्या तसा, काय बदलले आणि त्याचा परिणाम काय झाला, एवढे लिहा. एका ओळीत एकच बदल! महिन्यातून एकदा कोपऱ्यातली तारीख आणि डिस्कवरची मोकळी जागा नोंदवा. शिक्षकांनाही एक विनंती : एखादा संगणक अडला तर लगेच तंत्रज्ञाला बोलावू नका. आधी मुलांना विचारा, ‘चालणाऱ्यात आणि न चालणाऱ्यात फरक काय?’ पेटी उघडण्याचे काम मात्र वीज बंद करून, मोठ्यांनीच करावे.

आणि घरी सोडवायला एक उदाहरण. विंडोजच्या एका तक्रारीचे शेवटचे चार अंक आहेत ०००५. दुसरीचे आहेत ००५७. दशमान पद्धतीत या तक्रारींचे क्रमांक किती? उत्तर काढण्यासाठी संगणकाची गरज नाही, कागद-पेन्सिल पुरे.

आमच्या कार्यालयात आता मागच्या खोलीच्या दाराशी खिळ्याला एक वही टांगलेली आहे. पहिल्या पानावर अधीक्षक मॅडमनी लिहिले आहे : ‘सेल बदलले, जून २०२५. पुढची तपासणी २०३१.’ आणि त्याखाली मामांच्या अक्षरात : ‘काळ्या पडद्यावर काही दिसल्यास एफ-१ दाबण्याआधी वाचणे.’